जॉन मॅकेन आणि श्रीमंतांची करकपात: सोळा वर्षांच्या मतदानाचे एक प्रकरण

मे २००१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या करकपात विधेयकावर तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मतदान केले आणि ॲरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी दोन्ही वेळी वेगवेगळे मत दिले. २३ मे रोजी सिनेटचा स्वतःचा मसुदा ६२ विरुद्ध ३८ मतांनी संमत झाला, तेव्हा आपल्या पक्षाच्या इतर ४९ सदस्यांबरोबर मॅकेन विधेयकाच्या बाजूने होते. २६ मे रोजी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने तयार केलेला अंतिम मसुदा ५८ विरुद्ध ३३ मतांनी संमत झाला. त्या दिवशी विरोधात मत देणारे रिपब्लिकन दोनच होते, एक ऱ्होड आयलंडचे लिंकन चाफी आणि दुसरे मॅकेन. त्यानंतरच्या सोळा वर्षांत याच विषयावर मॅकेन यांनी अनेकदा मत दिले. ती सर्व मते सार्वजनिक नोंदीत तारखेसह उपलब्ध आहेत, आणि तरीही ‘श्रीमंतांच्या करकपातीला मॅकेन यांचा पाठिंबा होता की विरोध’ या प्रश्नाला नोंद पाहून एका शब्दात उत्तर देता येत नाही. तसे का होते आणि अशा नोंदींची तुलना करताना नेमके काय पाहावे, हे समजून घेण्यासाठी मी हे प्रकरण निवडले आहे.

मराठी वाचकासाठी आधी एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्याकडे अशी तुलना करण्याची सवयच नाही. लोकसभेत वित्त विधेयक बहुधा आवाजी मतदानाने संमत होते. कोणत्या खासदाराने काय मत दिले याची नावनिशी नोंद मतविभागणी झाली तरच होते, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराचे सदस्यत्वच धोक्यात येते. २०२३ च्या वित्त विधेयकाने नव्या करप्रणालीत पाच कोटी रुपयांहून अधिक उत्पन्नावरील अधिभार ३७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणला, त्यामुळे सर्वोच्च उत्पन्नगटाचा प्रत्यक्ष दर ४२.७४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला. हे विधेयक २४ मार्च २०२३ रोजी लोकसभेत गदारोळात, चर्चेविना आणि आवाजी मतदानाने संमत झाले. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांपैकी प्रत्येकाचे या तरतुदीवर काय मत होते, हे आपण आज नोंदीवरून सांगू शकत नाही, आणि मला ही आपल्या संसदीय व्यवहारातली गंभीर उणीव वाटते. अमेरिकेत परिस्थिती उलट आहे. तिथे पक्षाविरुद्ध मत दिल्याने जागा जात नाही आणि महत्त्वाच्या विधेयकांवर प्रत्येक सदस्याचे मत नावासह नोंदले जाते. म्हणून तिथला अभ्यासक एका माणसाच्या मतांचा माग वर्षानुवर्षे काढू शकतो. मात्र नोंद भरपूर असली की तिचा अर्थ आपोआप लागतो, असे समजणे चुकीचे आहे.

२००१ च्या विधेयकाने प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ३९.६ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांवर आणला. प्रतिनिधिगृहाला तो ३३ टक्के हवा होता, सिनेटच्या मसुद्यात तो ३६ टक्के होता, आणि संयुक्त समितीने ३५ टक्के हा मधला आकडा स्वीकारला. दहा वर्षांत सरकारचे १.३५ लाख कोटी डॉलरचे उत्पन्न यातून बुडणार होते. सिनेटच्या नियमांनुसार, साध्या बहुमताने संमत होणाऱ्या अर्थविषयक विधेयकाला ठरलेल्या कालमर्यादेपलीकडे तूट वाढवता येत नाही. त्यामुळे या संपूर्ण कपातीला २०१० च्या अखेरची मुदत घालण्यात आली. ही मुदत पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

मॅकेन यांनी अंतिम मसुद्याला विरोध करताना जाहीरपणे सांगितले होते की, ज्या कपातीचा एवढा मोठा लाभ सर्वांत सुदैवी लोकांना आणि तोही मध्यमवर्गाच्या खर्चाने मिळतो, तिला ते सद्सद्विवेकाने पाठिंबा देऊ शकत नाहीत. मग तीन दिवसांपूर्वी त्यांनी ‘होय’ का म्हटले होते? केवळ दोन अंतिम मते समोर ठेवली, तर माणूस डळमळीत होता असे वाटेल. परंतु २१ मे रोजी सिनेटमध्ये खुद्द मॅकेन यांनी मांडलेल्या एका दुरुस्तीवर मतदान झाले होते, आणि ती दुरुस्ती पाहिली की चित्र बरेच बदलते. सर्वोच्च दर फक्त एका टक्क्याने, म्हणजे ३८.६ पर्यंतच कमी करावा आणि त्यातून वाचणारी रक्कम १५ टक्क्यांच्या टप्प्याची उत्पन्नमर्यादा वाढवण्यासाठी वापरावी, अशी ती दुरुस्ती होती. तिला ४९ मते बाजूने आणि ४९ विरोधात पडली आणि बरोबरी झाल्यामुळे ती फेटाळली गेली. कपात हवी, पण तिचा रोख वरच्या टप्प्याकडून खालच्या टप्प्याकडे वळवावा, ही मॅकेन यांची भूमिका त्या दुरुस्तीत जितकी स्पष्ट दिसते, तितकी त्यांच्या कोणत्याही अंतिम मतात दिसत नाही. एका वर्षापूर्वी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी बुश यांच्याविरुद्ध लढताना त्यांनी बुश यांच्या करयोजनेवर नेमका हाच आक्षेप घेतला होता, हेही तिच्याशी जुळते.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला धडा इथेच आहे. विधेयकावरचे अंतिम मत हे गाठोड्यावरचे मत असते. त्यात मुलांसाठीची करसवलत असते, विवाहितांसाठीचा दिलासा असतो, वारसाकरातली कपात असते, आणि सर्वोच्च दरही असतो. कोणा सदस्याला श्रीमंतांच्या कपातीबद्दल काय वाटते हे जाणून घ्यायचे असेल, तर ज्या दुरुस्तीत तेवढाच एक प्रश्न वेगळा काढून विचारलेला असतो, तिच्यावरचे मत शोधावे लागते. अशी दुरुस्ती दर वेळी नसते, पण असते तेव्हा तिचे वजन अंतिम मताहून जास्त धरावे.

२००३ च्या कायद्याने आधीची दरकपात अलीकडे ओढली आणि ३५ टक्क्यांचा दर लगेच लागू केला. त्याशिवाय दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा सर्वोच्च कर २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणला आणि लाभांशावरही तोच १५ टक्क्यांचा दर लावला. सिनेटमध्ये २३ मे रोजी मते ५० विरुद्ध ५० अशी समसमान झाली आणि उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या निर्णायक मताने विधेयक तरले. मॅकेन, चाफी आणि मेन राज्याच्या ऑलिंपिया स्नो हे तीन रिपब्लिकन विरोधात होते, तर जॉर्जियाचे झेल मिलर आणि नेब्रास्काचे बेन नेल्सन हे दोन डेमोक्रॅट बाजूने. इराकचे युद्ध मार्चमध्ये सुरू झाले होते आणि त्याचा खर्च किती येईल हे कळण्याआधी महसूल सोडून देऊ नये, असा मॅकेन यांचा त्या वेळचा युक्तिवाद होता.

इथे थोडा हिशेब करून पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण ‘श्रीमंतांची करकपात’ म्हटले की बहुतेकांचे लक्ष सर्वोच्च दराकडेच जाते. २००१ मध्ये ३९.६ टक्क्यांचा दर सुमारे २,९७,००० डॉलरच्या वरच्या करपात्र उत्पन्नाला लागत असे. दहा लाख डॉलर पगार घेणाऱ्या माणसाचे त्या मर्यादेवरचे उत्पन्न साधारण सात लाख डॉलर होते, आणि दर ३५ वर आल्याने त्या भागावर त्याचे वर्षाला सुमारे ३२,००० डॉलर वाचतात. आता दहा लाख डॉलर केवळ लाभांशातून मिळवणाऱ्याचा विचार करावा. तेच उत्पन्न आधी ३८.६ टक्क्यांच्या टप्प्यात पडत असेल, तर दर १५ टक्के झाल्यावर त्याची प्रत्येक दहा लाखांमागची बचत २,३६,००० डॉलर होते. म्हणजे ज्याची संपत्ती समभागांत आहे, त्याच्यासाठी २००३ चा कायदा २००१ च्या कायद्याहून कितीतरी मोलाचा होता. जो तक्ता फक्त ‘सर्वोच्च प्राप्तिकर दर’ या शीर्षकाखाली मते मोजतो, त्यातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

आणि म्हणूनच २००६ चे मत मला या सगळ्या नोंदीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ११ मे २००६ रोजी सिनेटने ५४ विरुद्ध ४४ मतांनी जो कायदा संमत केला, त्याने भांडवली नफा आणि लाभांशावरच्या १५ टक्के दराची मुदत २००८ च्या अखेरीऐवजी २०१० च्या अखेरीपर्यंत वाढवली. मॅकेन यांनी या वेळी बाजूने मत दिले. चाफी आणि स्नो मात्र विरोधातच राहिले, आणि त्यांना ओहायोचे जॉर्ज व्हॉइनोविच येऊन मिळाले. व्हॉइनोविच यांनी २००३ मध्ये कपातीचा आकार ३५,००० कोटी डॉलरपर्यंत आवळण्याचा आग्रह धरून शेवटी विधेयकाच्या बाजूने मत दिले होते. जे दर लागू आहेत ते संपू देणे म्हणजे करवाढ करणे आणि करवाढीला आपला विरोध आहे, असे मॅकेन यांनी आपल्या बदललेल्या भूमिकेचे समर्थन केले.

या समर्थनाला दोन्ही बाजूंनी तपासायला हवे. त्यांच्या बाजूने सांगायचे तर, याच कायद्यात पर्यायी किमान कराच्या (सवलती घेतल्या तरी किमान ठरावीक कर भरायला लावणाऱ्या वेगळ्या हिशेबाच्या) जाळ्यात अडकणाऱ्या लक्षावधी मध्यम आणि उच्च मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी त्या वर्षापुरता दिलासा होता, आणि एखाद्याने २००३ मध्ये कपात लागू करू नये म्हणणे आणि २००६ मध्ये ती काढून घेऊ नये म्हणणे ही तर्कदृष्ट्या परस्परविरोधी विधाने नाहीत. लोकांनी ज्या दरांवर विसंबून व्यवहार केले, ते दर बदलण्याला किंमत असते. परंतु मे २००६ मध्ये ते दर संपायला अडीच वर्षांहून अधिक काळ बाकी होता, आणि युद्धखर्चाबाबतचा त्यांचा २००३ चा आक्षेप मधल्या काळात कमी होण्याऐवजी अधिकच खरा ठरला होता. शिवाय मुदतवाढ मिळत होती ती त्या दोन कायद्यांतील वरच्या गटाकडे सर्वांत अधिक झुकलेल्या भागाला. हे सगळे लक्षात घेता २००६ चे मत हे केवळ ‘चालू आहे ते राहू द्यावे’ अशा स्वरूपाचे होते असे मी मानत नाही. तो भूमिकेतला खरा बदल होता, आणि २००८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून त्यांनी ही कपात कायमची करण्याचे वचन दिले तेव्हा तो पूर्ण झाला.

२००८ च्या निवडणुकीने मतांच्या तुलनेचे आणखी दोन दोष उघडे केले. पहिला साधा आहे: बराक ओबामा सिनेटमध्ये आले ते जानेवारी २००५ मध्ये. २००१ आणि २००३ च्या मतदानात ते नव्हतेच, त्यामुळे त्या दोन मतांवर मॅकेन आणि ओबामा यांची तुलना होऊ शकत नाही. हिलरी क्लिंटन आणि जो बायडेन यांच्याशी होऊ शकते, कारण ते दोघे तेव्हा सिनेटमध्ये होते आणि दोन्ही वेळा त्यांनी विरोधात मत दिले होते. ओबामांचे तुलनेयोग्य मत २००६ चे आहे, आणि तिथे त्यांनी मॅकेन यांच्या उलट मत दिले. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ओबामांनी करवाढीसाठी ९४ वेळा मत दिले, असा रिपब्लिकन प्रचाराचा दावा होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या फॅक्टचेक या संस्थेने ती सगळी मते एकेक करून तपासली, तेव्हा त्यांतली २३ मते अशा प्रस्तावांवर होती ज्यांतून कोणताही कर वाढणार नव्हता. प्रस्तावित कपातीला केलेला विरोध तिथे करवाढ म्हणून धरला होता. ११ मते फक्त वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक कमावणाऱ्यांचा कर वाढवण्याची होती. आणि सात प्रस्तावांवरची १७ मते वेगवेगळी मोजून एकूण आकडा दहाने फुगवला होता, कारण एकाच विधेयकावर प्रक्रियेच्या निरनिराळ्या टप्प्यांवर अनेकदा मतदान होते. ओबामांनी वर्षाला अवघे ३२,००० डॉलर कमावणाऱ्यांवरही करवाढीसाठी मत दिल्याचा दुसरा दावा अंदाजपत्रकीय ठरावावरच्या मतावर उभा होता. तो ठराव कायदा नसतो आणि त्याने कोणाचाही कराचा दर बदलत नाही. संख्या जितकी मोठी तितका पुरावा भक्कम, ही समजूत मतदानाच्या नोंदींबाबत धोक्याची आहे. मला तर नव्वद मतांच्या यादीपेक्षा नीट वाचलेली चार मते अधिक विश्वासार्ह वाटतात.

२०१० च्या अखेरीस बुश यांच्या कपातीची मुदत संपत आली, आणि त्या वर्षीच्या ४ डिसेंबरला, शनिवारी, सिनेटमध्ये श्रीमंतांच्या कपातीचा प्रश्न बाकी सगळ्यापासून वेगळा करून दोनदा विचारला गेला. २,५०,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावरची कपातच पुढे चालू ठेवावी या प्रस्तावावर ५३ विरुद्ध ३६ आणि ही मर्यादा दहा लाख डॉलर करावी या प्रस्तावावर ५३ विरुद्ध ३७ मते पडली. दोन्ही प्रस्तावांना बहुमत मिळाले, पण चर्चा संपवून पुढे जाण्यासाठी लागणारी ६० मते मिळाली नाहीत, आणि रिपब्लिकन पक्षाचे एकही मत त्यांच्या बाजूने पडले नाही. एक तपशील इथे मुद्दाम नोंदवतो, कारण प्रचारात तो नेहमी हरवतो. अमेरिकेचा प्राप्तिकर, आपल्यासारखाच, टप्प्याटप्प्याने लागतो. त्यामुळे पहिला प्रस्ताव संमत झाला असता, तरी दहा लाख कमावणाऱ्याला त्याच्या पहिल्या अडीच लाखांवरच्या कपातीचा संपूर्ण लाभ मिळतच राहिला असता. प्रश्न फक्त त्यावरच्या भागाचा होता. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात पती-पत्नी दोघेही चांगल्या पगारावर असलेल्या मराठी घरांत ही अडीच लाखांची रेषा तेव्हा बरीच चर्चिली जात असणार, आणि ती ओलांडली म्हणजे सगळ्या उत्पन्नावर जास्त दर लागतो हा गैरसमज तिथेही काहींना असेल.

अखेर तडजोड झाली. सर्व टप्प्यांवरच्या कपातीला दोन वर्षांची मुदतवाढ, बेरोजगारी भत्त्याला मुदतवाढ, पगारावरच्या करात वर्षभराची सूट आणि वारसाकराचा ३५ टक्के दर, असे सगळे एकत्र बांधलेले विधेयक १५ डिसेंबरला ८१ विरुद्ध १९ मतांनी संमत झाले. मॅकेन बाजूने होते. विरोधात मत देणाऱ्या १९ जणांत व्हरमाँटचे बर्नी सँडर्स होते, ज्यांनी पाच दिवस आधी श्रीमंतांच्या कपातीविरुद्ध आठ तासांहून अधिक काळ सलग भाषण केले होते, आणि त्याच १९ जणांत दक्षिण कॅरोलायनाचे जिम डीमिंट होते, ज्यांना कपात कायमची हवी होती आणि भत्त्यावरचा खर्च व वारसाकराचे पुनरागमन मान्य नव्हते. निव्वळ मतांचा तक्ता या दोघांना एका रकान्यात बसवतो. ज्या ओबामांनी अडीच लाखांवरची कपात संपवण्याचे वचन दिले होते, त्यांनीच या कायद्यावर १७ डिसेंबरला स्वाक्षरी केली, पण अध्यक्षाच्या स्वाक्षरीला मतांच्या तक्त्यात रकानाच नसतो.

दोन वर्षांनी, १ जानेवारी २०१३ च्या पहाटे दोनच्या सुमारास झालेल्या मतदानाने हा पेच आणखी टोकाला नेला. या वेळचा कायदा व्यक्तीसाठी चार लाख आणि दांपत्यासाठी साडेचार लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ३९.६ टक्क्यांचा जुना दर परत आणत होता आणि त्याखालच्या सगळ्यांची कपात कायमची करत होता. ८९ विरुद्ध ८ मतांनी तो संमत झाला, आणि मॅकेन व सँडर्स दोघेही बाजूने होते. प्रश्न असा की, या ८९ जणांनी श्रीमंतांचा कर वाढवला की सर्वांचा कमी केला? मध्यरात्री जुनी कपात संपली होती, म्हणजे मतदानाच्या क्षणी जो कायदा अस्तित्वात होता त्याच्या तुलनेत हे विधेयक प्रत्येकाचा, अगदी कोट्यधीशाचाही, कर कमी करत होते. आदल्या दिवशीच्या कायद्याच्या तुलनेत मात्र तेच विधेयक श्रीमंतांची करवाढ होते. करवाढीला कधीही मत न देण्याची शपथ राजकारण्यांकडून घेणाऱ्या ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांच्या संघटनेने पहिला अर्थ स्वीकारला आणि या मताने शपथ मोडत नाही असे जाहीर केले. मला दुसरा अर्थ अधिक प्रामाणिक वाटतो. माणूस आपल्या खिशातला फरक कालच्या पगाराशी ताडून पाहतो, दोन तासांपूर्वी लागू झालेल्या आणि दिवसभरात बदलणार हे सर्वांना माहीत असलेल्या दराशी नाही. परंतु तुलना करणाऱ्याने कोणता पाया धरला आहे, हे त्याने आधी सांगितलेच पाहिजे, आणि मग मॅकेन असोत की सँडर्स, सर्वांना तोच पाया लावला पाहिजे.

त्या पहाटे विरोधात मत देणाऱ्या आठ जणांत आयोवा राज्याचे दोन्ही सिनेटर होते, डेमोक्रॅट टॉम हार्किन आणि रिपब्लिकन चक ग्रासली. हार्किन यांचा आक्षेप असा होता की, अडीच लाखांची रेषा साडेचार लाखांवर नेऊन श्रीमंतांना फार उदार वागणूक दिली गेली. ग्रासली यांच्या पक्षातल्या, विरोधात मत देणाऱ्यांचा आक्षेप नेमका उलट बाजूने होता. ज्या मतदाराने केवळ ‘नाही’ हा शब्द वाचला, त्याला आपल्या राज्याचे दोन्ही प्रतिनिधी एकमताचे आहेत असे वाटले असते. भाषण, निवेदन आणि त्या सदस्याने कोणत्या पर्यायाला पाठिंबा दिला होता, या तीन गोष्टी मताशेजारी ठेवल्या नाहीत, तर नोंद खरी असूनही दिशाभूल करते.

नोंद पुरेशी नसणे हा वेगळाच प्रकार आहे, आणि त्याचे मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण आज अमेरिकी प्रतिनिधिगृहातच आहे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून जानेवारी २०२३ मध्ये त्या सभागृहात गेले. ३ जुलै २०२५ रोजी, २०१७ च्या कपातीतला ३७ टक्क्यांचा सर्वोच्च दर कायम करणारे विशाल विधेयक तिथे २१८ विरुद्ध २१४ मतांनी संमत झाले, आणि इतर सर्व डेमोक्रॅट सदस्यांप्रमाणे ठाणेदार यांनी विरोधात मत दिले. पण सगळा पक्ष एका बाजूला असताना दिलेल्या मतावरून त्या व्यक्तीची स्वतंत्र भूमिका किती कळते? फारशी नाही. मॅकेन यांची २००१ आणि २००३ ची मते बोलकी आहेत, कारण ती पक्षाविरुद्ध होती. त्याच न्यायाने २००१ मध्ये बाजूने मत देणाऱ्या बारा डेमोक्रॅट सिनेटरांची मते बोलकी आहेत. त्यांत कॅलिफोर्नियाच्या डायॅन फाइनस्टाइन होत्या, ज्यांनी पुढे २००३ आणि २००६ मध्ये विरोध केला. नेब्रास्काचे बेन नेल्सनही होते, ज्यांनी तिन्ही वेळा पाठिंबा दिला. चाफी, फाइनस्टाइन, मॅकेन आणि नेल्सन या चौघांची २००१, २००३ आणि २००६ ची तीन मते शेजारी शेजारी लिहिली, तर चार निराळ्या ओळी मिळतात, आणि माझ्या मते त्या चार ओळी पक्षांच्या सरासरी आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक सांगतात. चाफी यांनी तिन्ही वेळा विरोध केला, नेल्सन यांनी तिन्ही वेळा साथ दिली, फाइनस्टाइन साथीकडून विरोधाकडे गेल्या, आणि मॅकेन विरोधाकडून साथीकडे.

मॅकेन यांच्या नोंदीतला शेवटचा टप्पा २०१७ चा आहे. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या करविधेयकाने सर्वोच्च दर ३९.६ वरून ३७ टक्क्यांवर आणला, आणि तो दर आता व्यक्तीसाठी पाच लाख आणि दांपत्यासाठी सहा लाख डॉलरच्या वर लागू झाला. २ डिसेंबर २०१७ रोजी सिनेटचा मसुदा ५१ विरुद्ध ४९ मतांनी संमत झाला, तेव्हा विरोधात मत देणारे रिपब्लिकन एकटे टेनेसीचे बॉब कॉर्कर होते, आणि त्यांचा आक्षेप तुटीवर होता. मॅकेन यांनी बाजूने मत दिले. या विधेयकात आरोग्यविमा न घेणाऱ्यांवरचा दंड रद्द करण्याची तरतूदही होती. त्याच वर्षी २८ जुलैला, हीच तरतूद असलेले आरोग्य विधेयक मॅकेन यांच्या मताने पडले होते. २०१७ चे हे मत वाचताना २००१ विसरणे मला अवघड जाते, कारण तेव्हा दरकपातीचा रोख मध्यमवर्गाकडे वळवण्यासाठी जी दुरुस्ती एका मताने हुकली, ती मांडणारा माणूस हाच होता. सोळा वर्षांनी तशी एखादी दुरुस्ती त्यांनी पुन्हा मांडली असती तर काय झाले असते, हे नोंद सांगत नाही.

२० डिसेंबर २०१७ रोजी अंतिम मसुदा ५१ विरुद्ध ४८ मतांनी सिनेटमध्ये संमत झाला, त्या वेळी मॅकेन कर्करोगावरच्या उपचारांमुळे ॲरिझोनात होते. जो तक्ता फक्त अंतिम मसुद्यावरची मते मोजतो, त्यात २००१ च्या ओळीत त्यांच्या नावापुढे ‘विरोध’ आहे आणि २०१७ च्या ओळीत ‘अनुपस्थित’. जो तक्ता सिनेटच्या स्वतःच्या मसुद्यावरची मते मोजतो, त्यात दोन्ही वर्षी ‘बाजूने’ असे लिहिलेले आहे.